काळ्या शाईतला राजा

मंडळी, पडद्यावर दिसतंय ते टपाल तिकीट बेल्जियन काँगोचं, म्हणजे आफ्रिकेतल्या बेल्जियमच्या वसाहतीचं, १९३४ सालचं. किंमत दीड फ्रँक, छपाई निव्वळ काळ्या शाईत, चित्र बेल्जियमचा राजा पहिला आल्बर्ट याचं. वसाहतीचं नाव फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत छापलंय. काँगोत शेकडो भाषा बोलतात. त्यांतल्या एकीलाही इथे जागा मिळाली नाही.

१७ फेब्रुवारी १९३४ रोजी नामूरजवळच्या मार्श-ले-दाम इथे आल्बर्ट कड्यावर चढाई करायला गेला आणि कोसळून मरण पावला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर सैन्याबरोबर राहिलेला हा राजा. बेल्जियममधली हळहळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. तिथे दुखवट्याचं काळं तिकीट निघालं. मात्र तेच सुतक काँगोला आणि शेजारच्या, बेल्जियमच्याच ताब्यातल्या रुआंडा-उरुंडीलाही (आजचे रवांडा आणि बुरुंडी) पाळायला लावलं.

आपल्याकडे असं झालं नव्हतं. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये गेला, तरी हिंदुस्थानच्या तिकिटांवर त्याचाच मुखवटा राहिला. सहाव्या जॉर्जची तिकिटं आली १९३७ मध्ये. घरच्या ट्रंकेत त्या काळातली पाकिटं असतील तर शिक्क्यावरची तारीख जरूर पाहा.

आता काँगोत हे तिकीट कुणाच्या दुःखाचं होतं? तीनच वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये, क्वांगो भागातले पेंडे लोक उठले होते. ताडतेलासाठी फळं तोडून देण्याची सक्ती, मंदीत कोसळलेले भाव आणि वर डोईपट्टीचा तगादा. वसाहतीच्या फौजेनं तो उठाव चिरडला, शेकडो माणसं मारली. त्यांच्यासाठी टपालखात्यानं काही छापलं नाही. काँगो स्वतःची खासगी मालमत्ता म्हणून क्रूरपणे पिळून काढणाऱ्या काका दुसऱ्या लिओपोल्डसारखा आल्बर्ट नव्हता, हेही सांगायला हवं. राजा होण्याआधी, १९०९ मध्ये, तो स्वतः काँगोत फिरून आला होता आणि तिथली दशा त्याला खटकली होती. पण सक्तीचे कष्ट त्याच्या राज्यातही थांबले नाहीत, आणि माझ्या लेखी त्याचा हिशेब त्याच्या नावावरच लागतो.

संग्राहकांना माझं एक सांगणं आहे. हे तिकीट कोरं घेऊ नका, वापरलेलं घ्या, आणि भिंगातून शिक्का वाचा. लिओपोल्डव्हिल म्हणजे काकाचं नाव, एलिझाबेथव्हिल म्हणजे आल्बर्टच्या राणीचं, आणि टांगानिका सरोवराकाठचं आल्बर्टव्हिल म्हणजे खुद्द मृत राजाचं. राजाच्या चेहऱ्यावर राजाच्याच नावाच्या गावाचा शिक्का! पत्र लिहिणाऱ्याला आपला पत्तासुद्धा या घराण्याचं नाव घेतल्याशिवाय लिहिता येत नव्हता. ३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झाला. त्यानंतर या गावांची नावं बदलली: किन्शासा, लुबुम्बाशी, कालेमी.