केरी, पण कुठली?

नमस्कार श्रोतेहो.

सुरुवातीलाच तीन गावं सांगतो, कान देऊन ऐका. पेडण्याची केरी. सत्तरीची केरी. आणि फोंड्याची केरी. आपल्या एवढ्याशा गोव्यात केरी नावाची तीन गावं. पेडण्याची अगदी समुद्राला लागून, तेरेखोलच्या मुखावर, जिथून फेरीबोटीत बसलं की पलीकडे तेरेखोलचा किल्ला. सत्तरीची चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाजवळ. आणि फोंड्याची कुळागरांत, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागांत दडलेली, विजयादुर्गेच्या देवळाची. एक समुद्राची, एक घाटाची, एक कुळागराची. हे तीन शब्द लक्षात असू द्या. समुद्र, घाट, कुळागर. पुढे लागणार आहेत.

आज बोलायचं आहे ते एकाच नावाच्या अनेक माणसांबद्दल, गावांबद्दल, देवांबद्दल. आता अंजुणे म्हटलं ना, ते सत्तरीतलं धरण. बार्देशातलं ते हणजूण. पण इंग्रजी पाटीवर दोन्ही नावं इतकी सारखी दिसतात, की बाहेरचा माणूस धरण शोधत किनाऱ्यावर जाईल. माझं फार दिवसांचं म्हणणं आहे, की रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर गावाचं नाव आधी देवनागरीत, मोठ्या अक्षरात आणि गावकरी उच्चारतात तसंच हवं. कुठ्ठाळीचं कोर्टालिम आणि साखळीचं सँक्वेलिम वाचत आपली मुलं मोठी होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असो. शिरोडा घ्या. एक आपला, फोंडा तालुक्यातला. दुसरा वेंगुर्ल्याजवळचा, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्याकडे फोंडा, तर घाटाखाली कणकवलीकडे फोंडाघाट. डिचोलीत साळ नावाचं गाव, गड्यांच्या जत्रेचं, आणि सासष्टीत साळ नावाची नदी, बेतुलला समुद्राला मिळणारी. गावाचा त्या नदीशी काडीचा संबंध नाही. आणि पणजी! राजधानीही पणजी आणि आजीची आईही पणजी. माझा नातू लहान असताना विचारायचा, आपण पणजीला जातो म्हणजे कोणाकडे जातो?

देवांचं तर काय सांगावं. शांतादुर्गा गोव्यात किती ठिकाणी आहे ते मोजायला बसू नका. कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची. फातर्प्याला आहे ती कुंकळ्ळीकरीण. डिचोलीत नानोड्याला आहे ती कळंगुटकरीण. आता जरा थांबा. ही कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला का, आणि कळंगुटकरीण नानोड्याला का? सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा भक्तांनी आपापले देव उचलले आणि सुरक्षित मुलखात नेले. मंगेश असाच १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. देव नव्या गावात आले, पण जुनं गाव नावात घेऊन आले. चारशेहून जास्त वर्षं झाली, आजही ती कळंगुटकरीणच आहे. नाव तेच, शांतादुर्गा. ओळख मात्र त्या शेपटात. म्हणून मी म्हणतो, नावापेक्षा शेपूट महत्त्वाचं. पुन्हा सांगतो, नाव नव्हे, शेपूट.

माणसांतही तेच. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. धर्मानंद दामोदर कोसंबी, बौद्ध वाङ्मयाचे मोठे पंडित, जन्म १८७६, गाव सांकवाळ. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिती आणि इतिहासकार, जन्म १९०७. बापाचं नाव उलटं केलं की मुलाचं नाव तयार. घराघरात असं आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर पुंडलिक रामा आणि रामा पुंडलिक यांची अशी काही गुंफण होते, की तलाठ्याने कपाळाला हात लावावा. वाड्यावर मात्र कोणाचा गोंधळ होत नाही. तिथे ते भाटातले असतात, नाही तर देवळामागचे असतात, नाही तर नुसते दाजी.

आणि आंबा? ज्या आफोंस द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, त्याचं नाव कलमी आंब्याला चिकटलं, आफोंसचा आपूस झाला आणि आपूसचा हापूस. पण खाण्याचं विचाराल तर मानकुरादपुढे मी हापूस धरणार नाही. मे महिन्यात पिकलेला मानकुराद, घट्ट, धागा नसलेला, अंगठ्याने नुसता दाबला तरी वास सुटणारा. तो एकदा खाल्ला की पुढचं बोलणं नको.

आता मूळ गोष्टीकडे येतो. खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगायची म्हणूनच मी हा विषय घेतला.

१९८३ सालचा जून. मी बावीस वर्षांचा. साखळीला आत्याकडे निघालो होतो. पणजीच्या बसस्टँडवर पाऊस असा कोसळत होता, की क्लीनरच्या आरोळ्यासुद्धा ऐकू येत नव्हत्या. मी खिडकीकडे बसलो. बस सुटता सुटता एका भल्या माणसाने एका म्हातारीला हाताला धरून वर चढवलं आणि तिची पिशवी तिच्या मांडीवर दिली. "आजी, ही केरीचीच बस. निवांत बसा." आणि तो उतरून गेला.

ती माझ्या शेजारी बसली. नऊवारी लुगडं, गुडघ्यापर्यंत भिजलेलं. हातात स्टीलचा डबा, तो जुन्या पंचात गुंडाळून वर दोन गाठी मारलेल्या. पिशवीतून वेखंडाचा वास येत होता. वेखंड, ओवा, बाळंतशेपा, आणि वर जुन्या लुगड्यांची शिवलेली छोटी गोधडी, धुऊन धुऊन मऊ झालेली. तुम्हाला लगेच कळलं असेल कुठे निघाली होती ते. मलाही कळलं. मी विचारलं, "लेकीकडे?" ती हसली. कुडाळकडची होती. लेक केरीला दिलेली, दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच झालेलं, मुलगी झाली होती आणि दोन दिवसांवर बारसं होतं. पहाटे घरातून निघाली होती, सावंतवाडीहून बस धरून पणजीला पोचली होती, एकटी. डब्यात मेथीचे लाडू. गुळाचे. आजकाल बाळंतिणीच्या लाडवातही साखर घालतात, ते मला मुळीच पटत नाही. गुळाशिवाय मेथीचा लाडू म्हणजे नुसतं कडू पीठ.

बस मांडवीच्या पुलावर चढली. म्हातारी खिडकीतून खाली पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "झिला, ह्याच पुलावरसून मी सकाळी इलंय मां?"

मी म्हटलं, पूल एकच आहे आजी, सगळे इथूनच जातात. तिने मान डोलावली. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही. ती सकाळी उत्तरेकडून आली होती आणि आता परत उत्तरेकडेच चालली होती. तिला ते जाणवलं होतं. पण बस केरीची आहे असं चारचौघांनी सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बस केरीचीच होती.

म्हापसा गेलं, अस्नोडा गेलं. डिचोली आली तशी तिने कंडक्टरला विचारलं, "विजयादुर्गेचा देऊळ अजून किती लांब?"

कंडक्टर थांबलाच. "विजयादुर्गा? आजये, ती फोंड्याची केरी. ही बस सत्तरी वता."

श्रोतेहो, समुद्र, घाट, कुळागर. तिला जायचं होतं कुळागराच्या केरीला आणि ती निघाली होती घाटाच्या केरीला.

ती रडली नाही. काही बोललीही नाही. तिने फक्त डब्याच्या झाकणावर हात ठेवला, जणू डबाच कोणी काढून नेणार आहे. आणि बसमध्ये मात्र कल्लोळ झाला. मागे बसलेली मासळीवाली म्हणाली, माझी बहीण केरीला दिलीय, पण ती पेडण्याची. एक मास्तर म्हणाले, आता परत पणजीला जाऊन फोंड्याची बस धरा. दुसरा म्हणाला, कशाला, साखळीहून फोंड्याला गाडी आहे. पाच मिनिटांत तिन्ही केरी त्या बसमध्ये हजर झाल्या, प्रत्येकाच्या सोयऱ्यांसकट. कंडक्टरने तिचे तिकिटाचे पैसे परत केले. ती घेईना, तेव्हा त्याने ते पिशवीत वेखंडाशेजारी ठेवले. साखळीच्या स्टँडवर फोंड्याची गाडी सुटत होती, तर आमच्या ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला आणि ती थांबवली.

मी उतरलो आणि तिच्याबरोबर त्या गाडीत चढलो. आत्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं. पण तिला तिसऱ्यांदा कोणाच्या तरी भरवशावर सोडणं मला जमेना.

फोंड्यात केरीची बस मिळाली. आता केरी बरोबर होती, देऊळ बरोबर होतं. मी म्हटलं, जावयाचं नाव सांगा. ती म्हणाली, प्रकाश. तिथला कंडक्टर म्हणाला, प्रकाश केरीत चार आहेत. तुमचा कुठला? ती विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "पाटाकडचो."

बस्स. एवढं पुरे झालं. पाटाकडचो म्हणजे कुळागरातल्या पाण्याच्या पाटाच्या काठावरचं घर. कंडक्टरने बरोबर त्या पायवाटेपाशी गाडी थांबवली. पोफळींतून आत गेलो. वर पाऊस थांबला होता, पण झाडांवरून ठिबकत होतं, आणि पाट दुथडी वाहत होता. संध्याकाळचे पाच वाजले असतील. लेक ओसरीवर आली, आईला बघितलं आणि तिथेच खांबाला धरून उभी राहिली. सकाळपासून ती वाट बघत होती, आणि दुपारनंतर तिने जेवणसुद्धा सोडलं होतं. म्हातारीने आधी पाय धुतले, मग डब्याच्या गाठी सोडल्या. एकही लाडू फुटला नव्हता.

त्यांनी मला जाऊ दिलं नाही. रात्री तिथेच राहिलो. जेवताना बाळाच्या नावाची बोलणी चालली होती. आत्याने, म्हणजे बाळाच्या आत्याने, विजया ठरवलं होतं, देवीचं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, वाड्यावर आधीच तीन विजया आहेत, हाक मारली की तिघी ओ देतात, चौथी कशाला?

म्हातारी ताक पीत होती. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "असू देत. आमची पाटावरली."

तेच नाव ठेवलं.

दिवाळीच्या आसपास मला एक पोस्टकार्ड आलं. म्हातारी लेकीकडे पुन्हा आली होती. लेकीच्या थोरल्या मुलाकडून लिहून घेतलेलं, अक्षर दुसरीतल्या मुलाचं, एकेक ओळ उजवीकडे घसरत गेलेली. बाळ पालथं पडतं, तिला दात येतायत, तुम्ही या. आणि खाली पाठवणाऱ्याचा पत्ता. मुक्काम केरी, त्यापुढे मोठ्या अक्षरांत विजयादुर्गेची, आणि त्या शब्दाखाली शाईच्या दोन रेघा.

नमस्कार.