एल, डी आणि वलय बंद करण्याची घटका

श्रोतेहो, नमस्कार. डोलास्टॅटिन १० हे कर्कपेशींची वाढ रोखणारं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, एका सागरी गोगलगाईत सापडलं. १९८७ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली, पण अर्धीच. रेणूत नऊ असममित कार्बन, प्रत्येकाच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन मांडण्या, म्हणजे एकूण ५१२ शक्यता. अमिनो आम्लांत या दोन मांडण्यांना एल आणि डी म्हणतात. खरी कोणती, हे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या गटाने १९८९ मध्ये रेणू बांधूनच ठरवलं.

वलयाकार, म्हणजे दोन टोकं जोडून बंद केलेल्या, पेप्टाइडांत बांधणी आणखी नाजूक. साखळी ज्यांवर बांधतात त्या क्लोरोट्रिटिल रेझिनच्या मण्यांवर पहिलं अमिनो आम्ल चढवताना डायक्लोरोमिथेन हे द्रावक कोरडंच हवं. ओल असली की रेझिनवरच्या जागा आधीच वाया जातात. आम्लाच्या अमाइन टोकावरचा एफमॉक हा संरक्षक गट २० टक्के पिपेरिडीनने दोनदा, दहा-दहा मिनिटं काढा. मग पुढचं आम्ल चार सममूल्य, म्हणजे साखळ्यांच्या चौपट, जोडणी घडवणारं एचएटीयू ३.९, बेस आठ. एचएटीयू आम्लापेक्षा किंचित कमीच ठेवा, कारण उरलेलं साखळीच्या अमाइनलाच चिकटतं आणि साखळी तिथेच खुंटते. एन-मिथाइल आम्लं, म्हणजे नायट्रोजनवर मिथाइल गट असलेली, या पेप्टाइडांत हटकून भेटतात. तिथे जोडणी पुरी झाली का हे पाहायला निनहायड्रिनच्या रंगचाचणीवर विसंबू नका, रंगच येत नाही. क्लोरॅनिल चाचणी करा आणि जोडणी दोनदा द्या.

एफमॉकच्या आडोशाने एकेक आम्ल जोडताना मांडणी सहसा टिकते. वलय बंद करताना मात्र साखळीचंच टोक सक्रिय करावं लागतं. ते शेजारच्या अमाइडशी जुळून ऑक्झॅझोलोन नावाचं छोटं वलय होतं, आणि त्यातल्या असममित कार्बनवरचा अल्फा हायड्रोजन बेस सहज ओढून घेतो. हायड्रोजन परतताना एलचं डी होऊ शकतं, आणि ते वस्तुमानावरून कळतही नाही! म्हणून साखळी अशी आखा की हे टोक ग्लायसीन किंवा प्रोलीनचं येईल. ग्लायसीनला बिघडायला मांडणीच नाही. प्रोलीनचं ऑक्झॅझोलोन सहज होत नाही. द्रावण सुमारे एक मिलिमोलर ठेवा, नाहीतर साखळ्या एकमेकींनाच जोडल्या जातात.

आणि चुकीचा समघटकही मुद्दाम बनवा, सक्रिय केलेल्या टोकाच्या जागी डी-आम्ल घालून. मिश्रणातले घटक स्तंभातून वेगळे करणाऱ्या एचपीएलसीवर बिघाडाचं शिखर कोणतं, हे त्याच्याशी ताडूनच खात्रीने सांगता येतं. जोडीला एल आणि डी वेगळं ओळखणारी मारफी पद्धत: ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला २४ तास पेप्टाइडचं अमिनो आम्लांत विघटन, मग मारफीचा अभिकर्मक जोडून ३४० नॅनोमीटरवर मोजणी. विघटनातही थोडी मांडणी उलटते, तेव्हा शुद्ध एल-आम्लांचा नमुना सोबत चालवा. आयसोल्युसीन आणि त्याचा समघटक अलो-आयसोल्युसीन नेहमीच्या सी-१८ (१८ कार्बनच्या साखळ्यांच्या) स्तंभावर बहुधा एकावर एक येतात; त्यांच्यासाठी सी-३ स्तंभ लावा.