अंगणातली सावली आणि भुईवरची हिरवळ

श्रोतेहो, नमस्कार.

नवे घर बांधून होते, कुंपण पडते आणि मग आवारात काय लावायचे यावर घरात दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, कडुनिंब नाहीतर करंज लावा. शहरात शिकणारी मुले मोबाईलवर फोटो दाखवून म्हणतात, जमिनीलगत पसरणारी, बारमाही हिरवी राहणारी रोपे आणू, म्हणजे एका पावसाळ्यात आवार भरून दिसेल. मुलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण आपल्या विदर्भात या वादाचा निकाल हौसेवर लागत नाही, तो मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरते यावर लागतो.

कडुनिंबाचे रोप पहिले दोन, फार तर तीन उन्हाळे आपल्याकडे पाणी मागते. आठवड्यातून एक-दोन घागरी, त्याही बुंध्याशेजारी पुरलेल्या आणि बुडाला बारीक छिद्र पाडून वात घातलेल्या मडक्यातून दिल्या, तर तेवढ्यावर ते तग धरते. पुढे मुळे खोल उतरतात आणि झाड आपले पाणी आपणच शोधते. भुईवर पसरणाऱ्या वनस्पतींची मुळे मात्र बहुतेक वरच्या वीतभर मातीत असतात, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते, तेव्हा सर्वांत आधी हाच थर वाळून मुळे उघडी पडतात. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद असा लहानसा तुकडा हिरवा ठेवायचा म्हटले, तरी कडक उन्हाळ्यात त्याला रोज 40 ते 50 लीटर, म्हणजे तीन-चार घागरी पाणी लागते. हा खर्च पहिल्या वर्षी जेवढा, तेवढाच दहाव्या वर्षीही.

आता सावलीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण झाड कोणते लावावे यावर पुष्कळ चर्चा होते आणि ते कोठे लावावे याचा विचार खड्डा खोदून झाल्यावर सुचतो. नागपूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा या ऐन कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या सुमारास, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. त्या वेळी झाड कोणत्याही दिशेला असले, तरी ते भिंतीला सावली देत नाही. घर खरे तापते ते दुपारी तीननंतर, पश्चिमेच्या आणि किंचित वायव्येकडे झुकलेल्या उन्हाने. म्हणून झाडाची जागा घराच्या पश्चिमेला किंवा वायव्येला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे या बाजूच्या झाडाची दुपारची सावली अंगणावर न येता बाहेर पडते, आणि थंडीतले हवेहवेसे ऊन आपल्याला मिळत राहते.

याला आणखी एक कारण आहे. आपले अंगण ही कामाची जागा आहे. तेथे तूर वाळते, सोयाबीन पसरले जाते, फाल्गुन-चैत्रात कुरडया आणि पापड पडतात. ऐन मध्यात लावलेले झाड दहा वर्षांनी घरातल्या बायकांच्या शिव्या खाते, आणि त्या रास्तच असतात. हीच अडचण हिरव्या गालिच्याचीही आहे, कारण वेली पसरलेल्या अंगणात ना सडा घालता येतो, ना धान्य वाळवता येते.

सदाहरित म्हणावे तर कडुनिंब काटेकोरपणे सदाहरित नाही. तो माघ-फाल्गुनात पाने गाळतो; पण गुढीपाडव्याला आपण त्याची कोवळी पालवी खातो, यावरून त्याचे वेळापत्रक लक्षात यावे. ऊन चढेपर्यंत त्याची सावली परत आलेली असते. करंजाचेही साधारण असेच आहे, फक्त त्याची सावली अधिक दाट असते. शिवाय करंज शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, आणि त्याचा पाला जनावरांना फारसा रुचत नसल्यामुळे राखण कमी लागते. कडुनिंबाचे रोप मात्र शेळ्या कडू म्हणून सोडत नाहीत, त्याला बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच. गुलमोहराबद्दल माझे मत चांगले नाही. मादागास्करहून आलेले हे झाड उन्हाळ्याचा बराच काळ निष्पर्ण उभे असते आणि वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात; फुले सुंदर, ती शेजाऱ्याच्या आवारात पाहावीत. वड आणि पिंपळ घरापासून व विहिरीपासून दूरच बरे. काळ्या जमिनीत तर कोणतेही मोठे झाड भिंतीपासून 15 ते 20 फुटांच्या आत लावू नये, कारण मुळांनी ओल ओढून घेतली की ही माती अधिकच आकसते आणि भिंतीला तडे जातात.

आता भुईवरच्या हिरवळीकडे वळतो. चार वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी पिवळ्या फुलांच्या वेडेलियाच्या दोन पिशव्या आणल्या होत्या. पेरापेराला मूळ धरणारी ही वेल दोन पावसाळ्यांत न्हाणीच्या नालीत शिरली आणि तेथून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेली. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली असून, जगातील सर्वांत उपद्रवी अशा 100 आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. मी अजूनही ती उपटतो आहे. ओढ्यानाल्याच्या काठी ज्यांची घरे आहेत त्यांनी ती आणूच नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

त्याऐवजी पानओवा पाहा. त्याची पाने मांसल असल्यामुळे तो पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो, अर्ध्या सावलीत खुशाल वाढतो, कांडी खोचली तरी रुजतो आणि त्याच्या पानांची भजीही होतात. जेथे ओल कायम असते तेथे कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी, छान पसरते. मात्र साबणाच्या सांडपाण्यावर वाढलेली तिची पाने खाऊ नयेत. हरळीला भरपूर ऊन लागते, त्यामुळे झाडाखाली ती विरळ होत जाते. दाराशी आणि न्हाणीच्या वाटेवर दाट पसरणारे काहीही लावणे मला पटत नाही. पावसाळ्यात विंचूकाटा आणि घोणस या दोन्हींना तशी जागा आवडते, आणि रात्री आपला पाय नेमका तेथेच पडतो.

सांदवाडीत, म्हणजे घरालगतच्या आवारात, दोन्ही हवे असतील, तर क्रम सांभाळावा लागेल. आधी झाड, आणि त्याच्या बुंध्याभोवती तीन फूट जागा दोन वर्षे मोकळी; नाहीतर वरची हिरवळ रोपाच्या वाट्याचे पाणी पिऊन टाकते. या मोकळ्या आळ्यात सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, म्हणजे भुसा, चार बोटे जाड पसरावे, फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नये. ते ओल धरते, तणाला आळा घालते आणि त्याला स्वतःला पाणी लागत नाही. पाच-सहा वर्षांत झाडाखाली बाज टाकण्याइतकी सावली झाली, की तिच्या कडेला पानओवा लावावा. अगदी दाट करंजाखाली मात्र गळलेल्या पाल्यानेच भुई झाकलेली राहते, तेथे वेगळे काही लावण्याचा खटाटोप करू नये.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल असावा. तो आत्ता, उन्हातच खोदून ठेवावा, म्हणजे माती चांगली तापेल. मग त्यात एक-दोन टोपली कुजलेले शेणखत मिसळून तो भरून घ्यावा. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून रोप लावू नये. दोन-तीन दमदार पाऊस होऊन खड्ड्यातली माती खाली बसली, की मग ती भर घालून सारखी करावी आणि रोप लावावे.