तौक्तेनंतर : पेडण्याच्या किनाऱ्यावर वीज कशी परत आली

(दृश्य : केरीचा किनारा, सकाळ. आडवी झालेली सुरूची झाडं. पाणी अजून गढूळ.)

हा पेडणे तालुक्यातला केरीचा किनारा. गोव्याच्या उत्तर टोकाजवळचा. समोर तेरेखोलची नदी, पलीकडे किल्ला. इथलं सुरूचं बन ज्यांनी आधी पाहिलं आहे, त्यांना ही जागा पटकन ओळखू यायची नाही. झाडं मुळासकट उलथली आहेत आणि मुळांना धरलेली वाळू अजून ओली आहे.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ त्या दिवशी गोव्यासमोरून गेलं. लक्षद्वीपच्या बाजूला तयार झालेलं हे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत राहिलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये उन्याजवळ जमिनीवर चढलं. गोव्याच्या जमिनीवर वादळाचा केंद्रभाग आलाच नाही. आपल्याला लागली ती नुसती कड. तेवढ्यात राज्यभर पाचशेहून जास्त झाडं पडली, शंभरेक घरांचं मोठं नुकसान झालं, आणि दोन माणसं गेली.

(दृश्य : अरुंद रस्ता. वाकलेला सिमेंटचा खांब. तारांवर फणसाची फांदी.)

आता हा रस्ता बघा. पेडणे तालुक्यातल्या किनारी गावांत त्या सकाळी असे रस्ते कितीतरी होते. झाड पडलं ते तारेवर पडलं, तारेनं खांब ओढला, त्या खांबानं पुढचे दोन. एका झाडापायी अख्खा वाडा, म्हणजे गावातली एक सबंध वस्ती, अंधारात जाते ती अशी.

गोव्याला लागणारी बहुतेक सगळी वीज बाहेरून येते. त्या दिवशी महाराष्ट्रातून येणाऱ्या २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्यांनाही फटका बसला होता आणि राज्यातले ३३ केव्हीचे अनेक फीडर, म्हणजे सबस्टेशनला वीज पोचवणाऱ्या लाईनी, झाडं पडून बंद झाले होते. त्यामुळे घरासमोरची तार धडधाकट असलेल्यांकडेही वीज नव्हती.

आणि तो मे महिना नेहमीसारखा नव्हता. ९ मेपासून राज्यात संचारबंदी होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गोव्यात घरोघरी माणसं आजारी होती. ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला आहे, त्या घरात वीज जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पंखा नसला तर माणूस ओसरीवर येऊन बसेल. कॉन्सन्ट्रेटरला प्लगच लागतो. विहिरीवरचा पंप, नळपाणी योजनेचे पंप, आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज, सगळं त्याच तारेवर. पेडण्याला पिण्याचं पाणी तेव्हा चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येत होतं. तिथून पाणी पुढे ढकलायचं तर मोटारी चालल्या पाहिजेत.

म्हणून आमचा कॅमेरा लाईनमनच्या मागे गेला.

(दृश्य : वीज खात्याची गाडी. शिडी, दोरखंड, करवत. चार जण उतरतात. तोंडावर मास्क.)

चार माणसं. दोन लाईनमन, दोन मदतनीस. शिडी, दोरखंडाची दोन वेटोळी, पहार, साखळी करवत, रबरी हातमोजे. झाड कापायला अग्निशामक दलाचे जवान येतात खरे, पण त्यांना एका वेळी दहा गावांहून बोलावणं असतं. बहुतेक ठिकाणी पहिली करवत चालते ती गावातल्याच कुणाची तरी. इथेही तसंच झालं. नारळ पाडणारा एक पाडेली आपला कोयता घेऊन आधीच हजर होता, आणि फांदीचा भार कुठल्या बाजूला आहे हे त्यानंच दाखवलं.

तारेला मात्र कुणी हात लावायचा नाही. आधी परमिट.

(दृश्य : लाईनमन फोनवर. मग एबी स्विचचा दांडा खाली ओढतो, कुलूप घालतो.)

परमिट म्हणजे सबस्टेशनमधल्या ऑपरेटरनं दिलेली खात्री, की हा फीडर मी बंद केला आहे आणि तू परत सांगेपर्यंत चालू करणार नाही. त्यानंतर लाईनमन स्वतः खांबावरचा एबी स्विच, म्हणजे लाईन तोडणारा मोठा खटका, उघडतो आणि त्याला कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच खिशात राहते. मग टेस्टरनं तार मृत आहे का ते बघायचं. आणि तरीही, काम जिथे आहे त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगची साखळी, म्हणजे तार जमिनीला जोडणारी साखळी, टाकायची.

दोन्ही बाजूंना का? तार तर बंद आहे.

हा या सगळ्या चित्रणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा थांबतो. मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यात गेस्ट हाऊस, रेस्टॉरंट, शॅक यांची दाटी आहे आणि जनरेटरही पुष्कळ आहेत. वीज गेली की जनरेटर सुरू होतो. तो नीट चेंजओव्हर स्विचमधून, म्हणजे एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांतलं एकच घराला जोडणाऱ्या खटक्यातून, जोडलेला असला तर प्रश्न नाही. पण नुसती वायर प्लगात खुपसून घर चालवायचं म्हटलं, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, खांबावरच्या तारेवर जाते आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला ११,००० व्होल्ट घेऊन दुसऱ्या बाजूला घरगुती वीज देतो. उलट्या दिशेनंही तो तेच गणित करतो. कुणाच्या तरी अंगणातले २३० व्होल्ट वर खांबावर हजारो व्होल्ट होऊन पोचतात. आणि वर माणूस असतो. दोन्ही बाजूंना साखळी असली, तर ती वीज कुठूनही आली तरी त्याच्यापर्यंत न पोचता जमिनीत उतरते.

(दृश्य : अर्थिंगची साखळी तारेवर अडकवताना जवळून. हातमोजा.)

साखळी अडकवताना त्याचा हात बघा. घाई नाही. खाली माणसं जमली आहेत, कुणीतरी ‘किती वेळ लागेल’ म्हणून विचारतंय, फोन सारखा वाजतोय. तो आधी एका बाजूची साखळी जमिनीत ठोकलेल्या सळीला आवळतो, ओढून बघतो, आणि मगच वर तारेला लावतो. क्रम उलटा झालेला चालत नाही.

(दृश्य : खड्डा खणताना. वाळू परत आत घसरते.)

खांब उभा करणं सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वेगळं आणि इथे वेगळं. सड्यावर चिरा फोडायला घाम गाळावा लागतो, पण एकदा खांब बसला की बसला. इथे खड्डा सहज खणला जातो आणि तितक्याच सहज भरून येतो. वाळूत खांब धरायचा तर बुंध्याला काँक्रीटचा वेढा हवा. तो वाळायला वेळ द्यायचा, तर वाडा तोवर अंधारात. मग तात्पुरता ताण देऊन उभा करतात आणि काँक्रीटला नंतर येतात. या गल्लीत क्रेन शिरत नाही. हा खांब मुख्य रस्त्यापासून इथवर खांद्यावरून आला आहे. आम्ही मोजली तेव्हा त्याखाली नऊ माणसं होती. त्यात वीज खात्याची चारच.

आणखी एक गोष्ट जवळून दाखवायची आहे.

(दृश्य : काढून ठेवलेला चिनी मातीचा इन्सुलेटर. बोटानं पुसल्यावर पांढरा थर.)

हे मीठ आहे. वादळात समुद्राचं पाणी तुषार होऊन आत येतं आणि खांबावरच्या इन्सुलेटरवर वाळतं. कोरडं असेपर्यंत काही होत नाही. पहाटेचं दव किंवा पावसाची पहिली बारीक सर आली की थर ओला होतो, वीज त्याच्यावरून वाट काढते आणि जोडलेली लाईन पुन्हा ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. ‘काल तर दुरुस्त केली होती, आज परत गेली’, ही तक्रार किनाऱ्यावर फार ऐकू येते. दुरुस्ती चुकलेली नसते. समुद्र खांबावर चढून बसलेला असतो.

(दृश्य : ट्रान्सफॉर्मर. लाईनमन लांब काठीनं डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) बसवतो.)

काम झालं, तरी वीज एकदम सोडत नाहीत. आधी दोन्ही साखळ्या काढल्या का, सगळी माणसं खाली उतरली का, हे मोजायचं. मग परमिट परत करायचं. फीडर तुकड्यातुकड्यानं चार्ज करायचा, म्हणजे पुढे कुठे तार अजून गवतात पडली असेल तर नेमका तोच तुकडा ट्रिप होतो आणि दोष सापडतो. त्याआधी घरोघरी सांगत जावं लागतं.

‘काकी, फ्रीज, मोटार सगळं बंद करून ठेवा. एक दिवा तेवढा चालू असू दे.’

‘आणि आली की?’

‘आली की पाच मिनिटं थांबा. सगळ्यांनी एकदम लावलं तर फ्यूज परत उडतो.’

काकींनी दिवा चालू ठेवला आणि बाकीच्यांना सांगायला त्याच निघाल्या.

(दृश्य : किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. फाटकी जाळी.)

मच्छीमारांचं नुकसान वेगळंच. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्याआधीचे, हंगाम आटपतानाचे हे शेवटचे दिवस वादळात गेले. पंचनाम्यासाठी तलाठी येऊन गेले आहेत.

(दृश्य : अकेशियाची पडलेली रांग. मध्येच उभा माड.)

ही झाडंही बघण्यासारखी आहेत. पडलेल्यांत अकेशिया आणि सुरू फार. रस्त्याकडेला भरभर वाढणारी सावली म्हणून ती लावली गेली. माड मात्र वाकतो, झावळ्या टाकतो आणि बहुतेक वेळा उभा राहतो. तारेजवळ कुठलं झाड लावायचं, हा प्रश्न पंचायतीच्या सभेत यायला हवा, आणि तारेवरच्या फांद्यांची छाटणी एप्रिल संपायच्या आत पुरी व्हायला हवी. कारण आता हे एकदाचं संकट राहिलेलं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं. २०१७ च्या डिसेंबरात ओखीनं समुद्र वर आणला आणि याच पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी शिरलं. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, त्यातलं क्यार महाचक्रीवादळाच्या ताकदीला पोचलं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग अलिबागजवळ धडकलं. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललं आहे आणि वादळाला बळ त्याच ऊबेतून मिळतं.

(दृश्य : रस्त्याकडेचा चर, आत केबल.)

तारा जमिनीखाली घेणं हा एक मोठा उपाय. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात गोवाही आला आणि वादळ निवाऱ्यांबरोबर भूमिगत केबलची कामंही त्यात धरली गेली. केबलवर झाड पडत नाही, मीठ बसत नाही. खर्च मात्र कितीतरी पट जास्त, आणि बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. यंत्रानं जागा शोधून तेवढंच खणावं लागतं. पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणणाऱ्यानं केबल तोडली, असंही होतं. आम्हाला तरी वाटतं, किनाऱ्यालगतच्या गावांत हा खर्च करायलाच हवा. आणि तो होईपर्यंत खांबावर चढणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो की कंत्राटी, विमा, नवे हातमोजे आणि पावसातही न घसरणारे बूट मिळायला हवेत. आमच्या चित्रणातल्या एका मदतनिसाच्या पायात साध्या चपला आहेत. ते दृश्य आम्ही कापलेलं नाही.

(दृश्य : जनरेटर, शेजारी भिंतीवर चेंजओव्हर स्विच.)

तुमच्या घरी किंवा दुकानात जनरेटर असेल, तर तो असा चेंजओव्हर स्विचमधूनच जोडलेला आहे ना, हे परवानाधारक वायरमनला बोलावून बघून घ्या. इन्व्हर्टरचंही तपासून घ्या. वादळानंतर तार खाली पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं धरू नका. मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, आणि वीज खात्याच्या १९१२ या क्रमांकावर कळवताना जवळच्या खांबावर रंगवलेला नंबर सांगा. लाईनमनला जागा शोधत फिरावं लागत नाही.