नकाराआधीचा अर्धा सेकंद

एखाद्याला "उद्या सामान हलवायला येशील का?" असं विचारलं, की उत्तर यायच्या आधीच आपल्याला बरंचसं कळलेलं असतं. "हो, येतो की" हे लगेच येतं, कधी कधी तर प्रश्न संपता संपताच. नकार असा येत नाही. आधी थोडी शांतता, मग "अं...", मग "आलो असतो रे", मग "पण" आणि मग कारण. "नाही" हा शब्द बरेचदा उच्चारलाच जात नाही. विचारणाराही त्याची वाट बघत बसत नाही. शांतता जरा लांबली की तोच म्हणतो, "म्हणजे, जमत असेल तरच हं." त्या अर्ध्या सेकंदात त्याला नकार ऐकू आलेला असतो आणि समोरच्याला तो तोंडाने द्यावा लागू नये, म्हणून त्याने वाट मोकळी करून दिलेली असते. मला हे माणसाच्या बोलण्यातलं फार सुंदर कौशल्य वाटतं.

हे जमतं, कारण बोलण्याची पाळी बदलण्याला एक शिस्त आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या संभाषणाच्या अभ्यासकांनी १९७४ साली ती मांडली. वाक्य जिथे पुरं होऊ शकतं, तिथे पाळी बदलू शकते. बोलणाऱ्याने कुणाला नाव घेऊन विचारलं असेल, तर पुढची पाळी त्याची. तसं निवडलं नसेल, तर जो आधी सुरुवात करेल त्याची. कुणीच पुढे आलं नाही, तर पहिलाच बोलत राहू शकतो. बैठकीत "कुणाला काही म्हणायचंय?" असं सगळ्यांना मिळून विचारलं की कुणीच निवडलं जात नाही. दोन सेकंद कुणी बोलत नाही आणि अध्यक्षच पुढचा मुद्दा घेतात. मग आपण म्हणतो, लोक बोलत नाहीत. नाव घेऊन विचारा, लोक बोलतात.

आता वेगाकडे येऊ. २००९ साली दहा भाषांमधले 'हो-नाही'चे प्रश्न तपासले गेले. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. जपानीत ते सर्वांत कमी होतं, ७ मिलिसेकंद. डॅनिशमध्ये सर्वांत जास्त, ४६९. समोरच्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायलाही आपल्याला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो आणि त्याचं वाक्य कुठे संपेल याचा अंदाजही बांधत असतो. जपानीत मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं, तरीही तिथली उत्तरं सर्वांत झटपट. क्रियापद ऐकू येईपर्यंत कुणी थांबून राहत नाही.

म्हणूनच व्हिडिओ कॉलवर गैरसमज होतात. आवाज पोचायला एका बाजूने १५० मिलिसेकंद लागले, तर जाऊन-येऊन ३०० झाले. समोरच्याने क्षणाचाही विलंब न लावता "हो" म्हटलं, तरी आपल्या कानाला ते अडखळत आल्यासारखं वाटतं. आपण घाईने "नाही, म्हणजे जमलं तरच" असं सुरू करतो, तेवढ्यात त्याचा होकार येऊन आदळतो आणि दोघंही एकदम थांबतात. कॉलवरच्या शांततेवरून कुणाच्या मनाचा अंदाज बांधू नये. प्रश्न विचारून झाला की मनात "एक, दोन" म्हणावं, मगच पुढे बोलावं.

स्वतःच्या कानाने हे तपासायचं असेल, तर सगळ्यांची परवानगी घेऊन गप्पा ध्वनिमुद्रित करा आणि त्यातलं एकच मिनिट लिहून काढा. शांतता सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात लिहा. दोघं एकदम बोलले तिथे चौकटी कंस घाला. "अं", "हं", अर्धवट शब्द यांतलं काहीही गाळू नका. नवशिक्या माणूस नेमकं तेच गाळतो, आणि मग कागदावर नकार आणि होकार सारखेच दिसायला लागतात. एवढ्याशा मजकुराला तासभर सहज जातो.

त्या मिनिटात एखादा "काय?" किंवा "कोण?" सापडण्याची शक्यता बरीच आहे. २०१५ साली बारा भाषांमधल्या संभाषणांत असं विचारणं सरासरी दीड मिनिटाच्या आत एकदा आढळलं. नुसतं "काय?" विचारलं, तर समोरच्याला काय निसटलं ते कळत नाही. तो अख्खं वाक्य पुन्हा म्हणतो, बहुधा मोठ्याने, आणि न कळलेला शब्द पुन्हा निसटतो. जेवढं कळलं तेवढं स्वतः म्हणून दाखवावं: "बुधवारी, किती वाजता म्हणालात?" मग त्याला फक्त वेळ सांगावी लागते.