सोललेला शब्द

(पडद्यावर बोटाच्या टोकावरच्या रेषा, अगदी जवळून.)

दवाखान्याच्या पाटीवर ‘डर्मेटॉलॉजिस्ट’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ‘डर्मा’ ग्रीक. अर्थ कातडी. पण तो आला ‘डेरो’ या क्रियापदावरून, आणि डेरो म्हणजे सोलणे! जनावराच्या अंगावरून उतरवलं, ते डर्मा. माणसाच्या जिवंत कांतीला ग्रीकांकडे ‘ख्रोस’ हा निराळा शब्द होता. वैद्यकाने मात्र उचलला तो सोललेलाच.

संस्कृतातला ‘दॄ’ हा धातू याच कुळातला. दॄ म्हणजे फाडणे, चिरणे. चामड्याच्या पखालीला संस्कृतात ‘दृति’ म्हणतात. आपली ‘दरी’ही त्याच धातूची, आणि दुःखाने ‘विदीर्ण’ झालेलं मनही. मला हे नातं फार मोलाचं वाटतं.

(त्वचेचा उभा छेद.)

‘एपि’ म्हणजे वर. एपिडर्मिस हा सर्वांत वरचा थर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून नुसतं वरवर खरचटलं तर रक्त येत नाही. ‘हायपो’ म्हणजे खाली, म्हणून कातडीखाली टोचायची सुई हायपोडर्मिक. या दोन्हींच्या मध्ये डर्मिस. चामडं कमावताना केस आणि वरचा थर काढून टाकतात, हाती उरतो तो मुख्यतः हाच डर्मिस. शब्द इथे पुन्हा आपल्या जुन्या अर्थावर येऊन थांबतो.

प्राणिशास्त्रानेही तो घेतला. तारामासा एकायनोडर्म, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला कंटकचर्मी. हत्ती, गेंडा, पाणघोडा यांना एका गटात बसवून ‘पॅकिडर्म’, जाड कातडीचे, म्हटलं गेलं. तो गट शास्त्राने पुढे मोडला, नाव तेवढं राहिलं. हत्तीवर तर ते अन्यायच करतं. अंगावर बसलेली माशीसुद्धा त्याला कळते.

(भ्रूणाचं रेखाचित्र, हळूहळू वळत जाणारं.)

आणि आता असं ठिकाण, जिथे सोलण्यासारखं अजून काहीच नाही. गर्भाचा तिसरा आठवडा. पेशींचे तीन थर: एक्टोडर्म, मेसोडर्म, एंडोडर्म. बाहेरचा, मधला, आतला. तिघांच्याही नावात कातडी. बाहेरच्या थराचा पाठीकडचा एक पट्टा खोलगट होतो, त्याच्या कडा जुळतात, नळी तयार होते. तिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. त्याच थराचा जो भाग बाहेर राहतो, त्याचा एपिडर्मिस होतो.

(पुन्हा बोटाचं टोक.)