मेंदूतला काळा पट्टा आणि लोह

श्रोतेहो, नमस्कार. पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात म्हटलं की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. आज मात्र हात सोडून थेट मेंदूकडे वळू.

निरोगी प्रौढ माणसाच्या मध्यमेंदूचा आडवा छेद घेतला, तर दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्याचं नाव सबस्टॅन्शिया नायग्रा. पार्किन्सन्सच्या रुग्णात हाच पट्टा फिकट पडलेला असतो. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये या आजाराचं वर्णन छापलं 1817 मध्ये. फिकट पट्ट्याचं निदान मात्र पॅरिसमध्ये कॉन्स्टान्टिन ट्रेत्याकॉफ यांनी 1919 च्या प्रबंधात मांडलं, आणि ते सगळ्यांच्या गळी उतरायला पुढे आणखी बरीच वर्षं गेली.

हा काळेपणा न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा. तान्ह्या बाळात ते जवळपास नसतंच. वयाबरोबर साठत जातं. कातडीच्या रंगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. ज्यांच्या कातडीत, केसांत जन्मतःच रंग नसतो, त्यांच्याही मेंदूत हा पट्टा काळाच असतो.

या पेशी डोपामाइन बनवतात. आपल्या हालचाली सुरळीत चालतात त्या त्याच्यावर. त्यातलं वापरात न आलेलं डोपामाइन ऑक्सिडाइज होऊन हे रंगद्रव्य तयार होतं, आणि ते लोह पकडून ठेवतं. ही पेशीची तिजोरीच समजा. लोह मोकळं सुटलं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली, की पेशीची नासधूस करणारे रेणू तयार होतात. तिजोरी बंद आहे तोवर ठीक. पेशी मेली की रंगद्रव्य बाहेर सांडतं, मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी खवळतात आणि शेजारच्या धडधाकट पेशींनाही झळ लागते.

उंदरांच्या मेंदूत हे रंगद्रव्य नसल्यातच जमा. बार्सिलोनाच्या संशोधकांनी माणसातलं एक एन्झाइम उंदरांच्या या पेशींत घातलं, त्यामुळे तिथे हे रंगद्रव्य बनू लागलं, आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापले: रंगद्रव्य ठरावीक पातळीपलीकडे साठलं, तशी पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसू लागली.

मग लोहच काढून टाकलं तर? मला तरी हा विचार अगदी बिनतोड वाटला होता. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात साठलेलं लोह काढायला डेफेरिप्रोन नावाचं औषध देतात. तेच युरोपात 372 नव्या रुग्णांवर 36 आठवडे तपासलं गेलं. अजून लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामाइन बनतं ते पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध, सुरू न झालेल्या रुग्णांवर. निकाल 2022 च्या डिसेंबरात आला. मेंदूतलं लोह खरंच घटलं. रुग्णांची लक्षणं मात्र बळावली! डोपामाइनची औषधं मध्येच सुरू करावी लागली, ती डेफेरिप्रोन घेणाऱ्या 22 टक्क्यांना. नुसती गोळी, म्हणजे प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होतं. याचं एक संभाव्य कारण असं, की डोपामाइन बनवणाऱ्या एन्झाइमला लोहच लागतं.

म्हणून उद्या कुणी पालक, गूळ आणि लोखंडी तवा घरातून हद्दपार करायला सांगितलं, तर ऐकू नका. मात्र लेव्होडोपाची गोळी घेणाऱ्यांनी रक्तवाढीची लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, ती लेव्होडोपा आतड्यात अडवते. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं, आणि वेळा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.